पहिल्या सरीनंतर न्हाणीच्या चौकटीतून पंखवाली वाळवी निघाली, आता काय?

चिरेबंदी_डिचोली (प्रश्न)

घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. बैठं, जुनं, चिऱ्यांचं, चिऱ्यांमधले सांधे मातीचे. बाहेरून माप साधारण १० बाय ८ मीटर. वर मंगळुरी कौलं. मागच्या बाजूला न्हाणीघर आणि कोठीची खोली नंतर जोडलेली आहे, त्यांवर स्लॅब. परसात विहीर आहे, मागच्या भिंतीपासून जेमतेम पाच मीटर.

मान्सूनपूर्व सर पडली त्या संध्याकाळी दिवे लावल्यावर दोन ठिकाणी पंखवाले किडे दिसले. पडवीतल्या ट्यूबलाइटभोवती तर थवाच होता, ते उघडच बाहेरून आले असणार. पण न्हाणीच्या दाराच्या चौकटीखाली जिथे लाकूड फरशीला टेकतं तिथल्या फटीतूनही किडे एकामागून एक बाहेर येत होते. वीसेक मिनिटांनी थांबले. सकाळी फरशीवर पंखांचा थर.

विचारायचं असं की:
दोन्हीकडचे किडे एकच का?
घराला वाळवी लागली असं समजायचं का?
एक ठेकेदार म्हणतो, तीन तासांत सगळ्या घरात फवारणी करून देतो आणि पाच वर्षांची हमी देतो. हे पटण्यासारखं आहे का?
आणि विहिरीचं काय?

कीटकवही

आधी किडा नक्की करून घ्या. याच दिवसांत पंखवाल्या मुंग्याही उडतात आणि पुष्कळ लोक मुंग्यांसाठी वाळवीचे पैसे मोजतात. मेलेले चार-पाच किडे पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा.

कंबर पाहा. मुंगीची कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक असते, वाळवीचं धड डोक्यापासून शेपटीपर्यंत जवळपास एकाच जाडीचं. मिशा पाहा. मुंगीच्या मिशीला कोपर असतो, वाळवीची मिशी सरळ आणि मण्यांची. पंख पाहा. वाळवीचे चारही पंख एकाच लांबीचे, मुंगीचे पुढचे मोठे आणि मागचे लहान. सकाळी पंखांचा थर पडला होता म्हणता, म्हणजे वाळवीच असण्याची शक्यता खूप. उतरल्यावर पंख मुळाशी मोडून टाकायची वाळवीला घाई असते. मुंग्यांची राणीही पंख टाकते, पण असा खच पडत नाही.

आता दोन ठिकाणांबद्दल. पडवीतल्या दिव्यावर आलेल्यांवरून तुमच्या घराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ते परसातल्या, भाटातल्या (माडांच्या बागेतल्या), शेजारच्या रोयणीतून, म्हणजे वाळवीच्या वारुळातून, आलेले असू शकतात. आपल्याकडच्या बऱ्याचशा रोयणी ओडोंटोटर्मिस जातीच्या वाळवीच्या. ती बुरशीची शेती करते, आणि त्याच बुरशीची अळमी (छत्र्या) पुढे पावसात रोयणीवर उगवतात. या वाळवीचे पंखवाले अंगाने मोठे, पंख सुमारे अडीच सेंटीमीटरचे. हवेतला दमटपणा आणि पहिल्या पावसाने मऊ झालेली माती, एवढी खूण त्यांना पुरते. आसपासच्या कितीतरी रोयणी एकाच संध्याकाळी उघडतात, कारण नर आणि मादी वेगवेगळ्या घरांतून आले तरच जोड्या नीट जुळतात.

न्हाणीच्या चौकटीखालून निघाले ते मात्र गंभीर. पंखवाले बाहेर सोडायला वसाहत वयात आलेली असावी लागते आणि त्याला काही वर्षं जातात. पहिलं वर्षभर राजा-राणी आणि मूठभर कामकरी, एवढाच त्यांचा संसार असतो. म्हणजे भिंतीतून किंवा चौकटीतून थवा निघाला तर तिथे वाळवी आज आलेली नाही, आज फक्त दिसली. म्हणून तर घाबरून रात्रीत काही करू नका. जी गोष्ट काही वर्षं चालली आहे तिला नीट पाहायला आठ-पंधरा दिवस घेतले तर छप्पर कोसळत नाही.

उडालेले किडे स्वतः लाकूड खात नाहीत. फरशीवर पडलेले सकाळपर्यंत सुकून मरतात. मातीतल्या जातींना ओल आणि माती मिळाल्याशिवाय जोडी जमली तरी बिऱ्हाड थाटता येत नाही. पाली, बेडूक, पक्षी आणि मुंग्या यांच्या तावडीतून सुटून वसाहत उभी करणाऱ्या जोड्या अगदी थोड्या. त्यामुळे किड्यांवर हिटचा डबा रिकामा करणं हा निव्वळ खर्च आहे. थवा आला की आतले दिवे बंद करा, खिडक्या लावून घ्या, अंगणातला एकच दिवा चालू ठेवा आणि त्याखाली परातीत साबणाचं पाणी ठेवा. पिवळसर दिव्यावर ते कमी येतात, पांढऱ्या-निळसर दिव्यावर झुंबड करतात. सकाळी केरसुणीने गोळा करा.

पण टाकून देण्याआधी न्हाणीतले थोडे पंख आणि दोन-चार किडे एका डबीत ठेवा, पडवीतले दुसऱ्या डबीत. पंखांच्या लांबीत मोठा फरक दिसला तर दोन वेगळ्या जाती आहेत, आणि मग उपायही बदलू शकतो.

माडाखाली

चौकटीच्या फटीत रॉकेल नाहीतर डिझेल ओता. आमच्या बाजूला सगळे तेच करतात. दोन वेळा ओतलं की संपलं.

पंप_आणि_ड्रिल

माडाखाली, संपत नाही, सरकतं. रॉकेल जिथे लागतं तिथले कामकरी मरतात, बाकीचे तो रस्ता बुजवून शेजारच्या सांध्यातून वर येतात. मातीच्या सांध्यांच्या चिरेबंदी भिंतीत त्यांना वाटांची काय कमी! मग वर्षभराने छपराखालच्या पाटईला किंवा वाशांना वाळवी दिसते आणि माणूस म्हणतो ही नवीन आली. शिवाय न्हाणीत गिझरची वायरिंग असते आणि डिझेलचा वास लाकडातून महिनोन् महिने जात नाही.

आता चिरेबंदी यांच्या ठेकेदाराकडे वळतो. ‘सगळ्या घरात फवारणी’ हा शब्द ऐकला की समजायचं, हे काम वाळवीचं नाही. झुरळांसाठी फवारतात. वाळवीसाठी औषध जमिनीत आणि भिंतीच्या बुडात उतरवावं लागतं. जुन्या इमारतींसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ भाग ३. ठेकेदाराला एवढंच विचारा, ‘काम ६३१३ भाग तीनप्रमाणे करणार का?’ त्याच्या चेहऱ्यावर उत्तर मिळेल.

त्यातलं काम थोडक्यात असं:

बाहेरून, जिथे भिंतीलगत उघडी माती आहे तिथे जोत्याला लागून अर्धा मीटर खोल अरुंद चर खणायचा. चराच्या तळाशी लोखंडी सळीने १५ सेंटीमीटरवर एक अशी भोकं पाडायची. औषधाचं पाणी भिंतीच्या उभ्या पृष्ठभागाला दर चौरस मीटरमागे साडेसात लिटर या हिशोबाने सोडायचं. चर बुजवताना मातीवरही यातलंच औषध पडलं पाहिजे.

बाहेर सिमेंटचा पट्टा केलेला असेल तर भिंतीला अगदी चिकटून १२ मिलिमीटरची भोकं, ३० सेंटीमीटर अंतराने, खालची माती लागेपर्यंत. तिथे भिंतीच्या दर मीटरला सव्वादोन लिटर.

आतून, भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात तशीच १२ मिलिमीटरची भोकं, ३० सेंटीमीटरवर एक, फरशीखालच्या मातीपर्यंत. प्रत्येक भोकात दाबाने औषध, शोषेल तेवढं, पण लिटरपेक्षा जास्त नाही. फरशीला तडा असेल तर तड्याच्या रेषेवरही.

भिंतीत, जोत्याच्या पातळीला खाली उतरती ४५ अंशांची भोकं, हीसुद्धा ३० सेंटीमीटरवर, शक्य तर दोन्ही बाजूंनी. चिऱ्यांच्या भिंतीत भोक चिऱ्याच्या पोटात पाडून फारसा उपयोग नाही, सांध्यात पाडा. वाळवी तिथूनच चढते. मातीच्या सांध्यात औषध कुठल्या कुठे वाट काढतं, त्यामुळे एकदम दाब देऊ नये. थोडं सोडायचं, थांबायचं, पुन्हा सोडायचं. नाहीतर ते पलीकडच्या खोलीतून बाहेर येतं.

लाकडात, चौकटीला ६ मिलिमीटरची तिरकी भोकं, १५ सेंटीमीटरवर एक. इथे पाण्यातलं नाही, तेलात मिसळलेलं औषध, कारण पाण्याने लाकूड फुगतं.

आता लिटरचा हिशोब, कारण सगळी लबाडी इथे चालते. तुमच्या घराचा बाहेरचा घेर ३६ मीटर. अर्धा मीटर खोलीने १८ चौरस मीटर, गुणिले साडेसात, म्हणजे १३५ लिटर. आतल्या भिंतींचे कोपरे सगळे मिळून ५० मीटर धरले तर सुमारे १६५ भोकं, म्हणजे जास्तीत जास्त तितकेच लिटर. एकूण ३०० लिटरच्या घरात. पाठीवरचा पंप १६ लिटरचा, म्हणजे तो जवळपास १९ वेळा भरावा लागेल. एक माणूस एक पंप घेऊन तीन तासांत सगळं उरकतो म्हणत असेल, तर त्याने यातलं काय गाळलं ते तुम्हीच ओळखा.

औषधाचं प्रमाणही पाहा. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरला २.१ मिलिलिटर, म्हणजे ३०० लिटरला ६३० मिलिलिटर. बायफेंथ्रिन अडीच टक्के असेल तर लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे ६ लिटर. क्लोरपायरिफॉस २० टक्के असेल तर लिटरला ५०, म्हणजे १५ लिटर. बाटल्या तुमच्यासमोर फोडायच्या, लेबलचा आणि बॅच नंबरचा फोटो काढायचा, रिकाम्या बाटल्या मोजायच्या. बिनलेबलच्या कॅनमधून घरून मिसळून आणलेलं पाणी घेऊ नका, त्यात काय आहे ते देवालाच ठाऊक.

यांतलं कुठलं निवडायचं? बायफेंथ्रिन वाळवीला दूर पळवतं. सगळीकडे अखंड पट्टा बसला तर उत्तम, पण जिथे हातभर जागा सुटली तिथून ती आत येते. इमिडाक्लोप्रिडचा वाळवीला पत्ता लागत नाही, ती त्यातून चालत जाते, एकमेकींना लावते आणि मरते. जुन्या चिरेबंदी घरात अखंड पट्टा बसणं कठीण, म्हणून माझं मत दुसऱ्या प्रकाराकडे.

चिरेबंदी_डिचोली

दोघांचेही आभार. डब्या भरून ठेवल्या होत्या. दोन्हीकडचे पंख मोठे आहेत, सारख्याच लांबीचे. न्हाणीच्या चौकटीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली तर खालून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोकळ आवाज येतो. कोठीच्या खोलीत मागच्या भिंतीवर करंगळीएवढी मातीची नळी सापडली, चुडतांच्या (माडाच्या झावळ्यांच्या) ढिगामागे.

विहिरीचं कुणी बोललं नाही. आणि पाऊस तर आता सुरूच होईल. थांबायचं की करून घ्यायचं?

पंप_आणि_ड्रिल

नळी सापडली हे बरं झालं, तिचा उपयोग करा. मधला बोटभर तुकडा मोडा आणि दोन-तीन दिवसांनी पाहा. परत बांधला असेल तर वाट चालू आहे. मोडताना आत पांढुरके कामकरी पळताना दिसले तर वाटही बघायला नको. मात्र सगळी नळी एकदम खरवडून टाकू नका. काम करणाऱ्याला ती कुठून येते आणि कुठे जाते ते दिसलं पाहिजे.

विहीर. त्या बाजूला चर आणि औषध नकोच. आपला चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड आणि खालची जमीनही तशीच. पावसात पाणी त्यातून झपाट्याने विहिरीकडे जातं. पाच मीटर हे काही अंतरच नाही. मागची १० मीटरची बाजू पूर्ण सोडा, त्या भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात भोकंही नकोत. मग बाहेरचा हिशोब १३५ वरून साडेसत्त्याण्णव लिटरवर येतो. कुणी म्हणेल ‘थोडंसं टाकतो, काही होत नाही’, त्याला त्या विहिरीचं पाणी प्यायला सांगा.

मागच्या बाजूला करायचं ते असं. चुडतं, लाकडं, नारळाची सोडणं, कुंड्या, सगळं भिंतीपासून हातभर दूर. न्हाणीच्या बाहेर पाणी कुठे मुरतं ते शोधा, मोरीची नळी गळते का पाहा. जोत्यापर्यंत माती चढली असेल तर खाली उतरवा, जोत्याचा निदान वीतभर भाग उघडा दिसला पाहिजे. म्हणजे पुढच्या वेळी नळी चढली तर डोळ्यांना दिसेल. तिथे आमिषाचे डबे बसवता येतात. त्यातलं औषध कात टाकण्याच्या वेळी कामकऱ्यांना मारतं आणि जमिनीत द्रव जात नाही. पण त्याला महिने लागतात आणि रोयण बांधणाऱ्या जातींवर ते दरवेळी तितकं चालत नाही. तुमच्या पंखांच्या मापावरून तीच जात दिसते, तेव्हा फक्त डब्यांवर विसंबू नका.

पावसाचं वेळापत्रक. चराचं काम आता नको. भिजलेली माती औषध पीत नाही, ते वरून वाहून ओहोळात जातं. बायफेंथ्रिन माशांना फार घातक आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरचं काम करणारा माणूस तुमचे पैसे पाण्यात घालतो, शब्दशः. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत माती ओलसर पण निचरलेली असते, तेव्हा करा. आतलं भोकांचं काम मात्र पुढच्या खोल्यांत आताही होतं, फरशीखाली पाण्याचे उमाळे येत नसतील तर. न्हाणीची चौकट मागच्या भिंतीत असेल तर ती सुताराकडे सोपवा, औषधाकडे नको.

भोकं पाडण्याआधी लपवलेले नळ आणि वायरिंग कुठून गेलंय ते खडूने आखून घ्या. मोझेइक किंवा टाइल असेल तर भोक टाइलच्या सांध्यात पाडायला सांगा, मध्ये पाडलं की तडकते. शेवटी भोकं सिमेंटने बुजवायची, नुसती पुट्टी नको. त्या दिवशी मुलं, कुत्रा आणि माशांची टाकी घरात नको. फरशी सुकेपर्यंत कुणी अनवाणी फिरायचं नाही.

पर्वरी_तिसरा_मजला

मध्येच विचारतो, माफ करा. आमचा फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर. बेडरूमच्या चौकटीतून थोडेच किडे निघाले, दहाबारा असतील. पंख लहान, सेंटीमीटरच्या आसपास. चौकटीखाली रोज बारीक दाणे पडतात. माती नाही, नळी नाही. एवढ्या वर वाळवी चढते कशी?

कीटकवही

दाणे बोटावर घेऊन पाहा. रव्याएवढे, कोरडे, एकसारखे आणि भिंगातून सहा बाजूंचे दिसले तर ही कोरड्या लाकडातली वाळवी, क्रिप्टोटर्मिस. तिला जमीन लागत नाही, ओल लागत नाही, सगळी वसाहत त्या एका चौकटीत किंवा पलंगात मावते. दाणे ही तिची विष्ठा. बारीक भोकातून ती बाहेर ढकलते आणि भोक पुन्हा बुजवते. ती मजले चढत नाही, बहुतेक वेळा कुणीतरी जुन्या फर्निचरमधून उचलून आणतं, नाहीतर पंखवाली जोडी लाकडाच्या फटीत थेट शिरते.

म्हणून तुमच्या बाबतीत वर लिहिलेलं जमिनीचं काम निरुपयोगी. तीनशे लिटर सोडा, तीन लिटरही लागणार नाहीत. दाणे पडतात त्याच्या वरची भोकं शोधायची, त्यांतून सिरिंजने तेलातलं औषध आत भरायचं, दाणे पडायचे थांबतात का ते महिनाभर बघायचं. खाली काळा कागद चिकटवून ठेवा, नवे दाणे लगेच दिसतात. थांबले नाहीत तर तेवढं लाकूड बदला.

कोरड्या वाळवीच्या बाबतीत पंखवाले किडे खरंच नवा धोका असतात, कारण त्यांना फक्त फट हवी. पॉलिश न केलेली टोकं, कपाटांच्या पाठी, पलंगाच्या खालच्या पट्ट्या. थवा निघाला असेल तर तिथल्या फटी याच महिन्यात भरून घ्या.

आणि एक, कुणी सेल्फॉसच्या गोळ्या कपाटात ठेवायला सुचवलं तर अजिबात ऐकू नका. त्यातून फॉस्फिन वायू निघतो, तो माणसं मारतो. राहत्या फ्लॅटमध्ये तो वापरायचाच नाही.

मातीच्या नळ्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा वाळवी पाइपांच्या डक्टमधून, लिफ्टच्या विहिरीतून किंवा वायरच्या नळ्यांमधून वर येते आणि मग एका फ्लॅटने औषध करून काहीच साधत नाही, सोसायटीने तळापासून करावं लागतं. स्विचबोर्डमधून माती पडत असेल तर त्यात पाण्यातलं औषध कुणालाही सोडू देऊ नका.

रंधा_पटाशी

चिरेबंदी, न्हाणीच्या चौकटीचं सांगतो. गुडघ्यापर्यंत पोकळ वाजते म्हणजे ती वाचवायच्या भानगडीत पडू नका. खालची दीड-दोन फूट कापून नवा तुकडा जोडणं हा सुताराचा आवडता उपाय आहे, आणि न्हाणीत तो टिकत नाही. सांध्यातून पाणी शिरतं. पूर्ण चौकट काढा.

काढताना भिंतीत काय दिसतं ते नीट बघा. चौकटीमागे मातीचा थर असेल तर सगळा खरवडून काढा, पोकळी सिमेंटच्या मसाल्याने घट्ट भरा. मिलिमीटरभराची फट त्यांना पुरते. चौकट उभी करताना लाकडाचे पाय फरशीत पुरायचे नाहीत. इथेच आमच्या धंद्यातली जुनी सवय नडते. पूर्वी पाय जमिनीत गाडत, चौकट हलू नये म्हणून, आणि वाळवीला आयता जिना मिळत असे. पाय फरशीच्या वर ग्रॅनाइटच्या तुकड्यावर बसवा, चौकट भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी पकडा. न्हाणीला तर मी म्हणेन लाकूडच नको, ग्रॅनाइटची चौकट आणि फायबरचं दार लावा, विषय संपला.

लाकूडच हवं असेल तर जुन्या सागाचा गाभा. गाभा म्हणजे आतला गडद भाग. बाहेरचा फिकट भाग सागाचा असला तरी वाळवी खुशाल खाते, आणि आज बाजारात साग म्हणून मिळतं त्यात फिकटच जास्त. फणस बरा. आंबा, सिल्व्हर ओक न्हाणीजवळ आणूच नका. साध्या प्लायची तर गोष्टच नको.

जुन्या वाशांसाठी काजूच्या टरफलांचं तेल आपल्याकडे पूर्वीपासून लावतात. काम करतं, पण वरवर. आत शिरलेल्या वाळवीला ते पोचत नाही आणि कातडीला लागलं तर फोड येतात, तेव्हा हातमोजे घालूनच. लाकूड कोरडं, रंग न लावलेलं असताना दोन हात द्या. नवीन लाकडाला बोरॅक्स-बोरिकच्या पाण्याचे दोन-तीन हातही चांगले, मात्र ते फक्त आतल्या लाकडाला, पावसात भिजणाऱ्याला दिलं तर धुऊन जातं.

वर चढून एकदा सगळे वासे आणि रिपा ठोकून बघा. विशेषतः जिथे वासा भिंतीवर टेकतो ती जागा. कौल फुटलंय, तिथून थेंब पडतोय आणि खाली वाळवी, ही जोडी नेहमीची. कौल बदलणं स्वस्त पडतं.

चिरेबंदी_डिचोली

मोडलेली नळी दोन दिवसांत परत बांधली. चौकट काढायचं ठरवतोय. मागची भिंत औषधातून वगळायची, बाकीचं ऑक्टोबरमध्ये. पाच वर्षांच्या हमीचं काय? ठेकेदार आता म्हणतो की ६३१३ प्रमाणे करतो, पण दर वाढवला.

एक बारीक शंका. परसात मोठी रोयण आहे, तिथे सातेरी देवीच्या नावाने फूल वाहतात. ती फोडायची नाही. चालेल ना?

पंप_आणि_ड्रिल

दर वाढवला तर बरंच झालं, म्हणजे आधीच्या दरात काय करणार होता ते कळलं.

रोयण राहू द्या. ती फोडून वाळवी जात नाही, राणी बरीच खोल असते, आणि घरातली वाळवी त्याच रोयणीची आहे हेही ठरलेलं नाही. घराभोवतीचा पट्टा नीट झाला तर रोयण अंगणात सुखाने नांदेल. तिच्यावर माती टाकू नका, घराच्या बाजूने लाकूडफाटा तिला टेकवून ठेवू नका.

हमीपत्रात चार गोष्टी लिहून घ्या. कोणतं औषध, किती टक्के, एकूण किती लिटर वापरलं. भोकं कुठे पाडली त्याचा हाताने काढलेला नकाशा. वर्षातून किती वेळा येऊन तपासणार, आणि एक खेप पावसानंतर असेल. वाळवी पुन्हा दिसली तर फुकटात काय करणार, नुसतं ‘पाहणी’ की पुन्हा औषध. कीटकनाशक वापराच्या परवान्याची प्रत मागा, तिच्यावरचं नाव आणि पावतीवरचं नाव एकच हवं. मागची भिंत विहिरीमुळे वगळली हेही त्यातच लिहा, नाहीतर उद्या तिथेच नळी दिसली की तो म्हणेल तुम्हीच करू दिलं नाही.

रंधा_पटाशी

आणि पाऊस जोरात धरायच्या आत ती चुडतं हलवा. पावसाळ्यात भिंत भिजू नये म्हणून विणलेली चुडतं भिंतीला लावता ना, ती यंदा जमिनीपासून वीतभर वर बांधा. खालचं टोक मातीत टेकलं की ऑगस्टपर्यंत त्यांच्यामागून नळी पाटईला भिडते आणि चुडतं काढेपर्यंत कुणाला दिसत नाही.